‘आजार ज्याचा, बिल त्याचं’ म्हणणाऱ्या करदात्यास

कराडच्या मामाने परवा घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘मुद्दा बरोबर वाटतो.’ मजकुराचं नाव ‘फुकट उपचार, पण कुणाच्या पैशाने?’ आणि शेवटी सही ‘एक प्रामाणिक करदाता’. सार असं की साथ आली म्हणून उपचाराचा खर्च सरकारने उचलावा ही फुकट्यांची मागणी आहे. आजार ज्याचा, बिल त्याचं. हे दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर वाचलंही नसतं. पण हाच मामा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने आडवा पडला होता आणि त्याच्या बिलापायी मामीचं सोनं बँकेत गेलं ते अजून सगळं सुटलेलं नाही. त्यालाच हे पटावं म्हणजे कमाल आहे. म्हणून हा खटाटोप.

फॉरवर्डमधला सगळ्यात अचाट मुद्दा आधी घेतो. ‘सरकार प्रत्येक कोरोना पेशंटमागे हॉस्पिटलला दीड लाख रुपये देत होतं, म्हणून धडधाकट माणसालाही पॉझिटिव्ह दाखवत होते.’ हे २०२० पासून फिरतंय आणि मरायचं नाव घेत नाही. अहो, पेशंटमागे सरसकट दीड लाख मिळत असते तर मामाला दारात अडवून डिपॉझिट कशाला मागितलं असतं? उलट ओढून आत नेलं असतं. असे पैसे देणारी योजनाच नव्हती. दीड लाख हा आकडा बहुधा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उचललेला आहे. तेव्हा त्या योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतच्या उपचारांचं संरक्षण होतं. ती कमाल मर्यादा होती, बक्षीस नव्हे. योजनेतल्या हॉस्पिटलला ठरलेल्या पॅकेजचे पैसे मिळतात, तेही उपचार झाल्यावर, कागद तपासून. आणि गंमत बघा, त्याच फॉरवर्डच्या पहिल्या परिच्छेदात सरकार दीड दीड लाख वाटत होतं म्हणून संताप, आणि तिसऱ्या परिच्छेदात सरकारने एक पैसाही देऊ नये म्हणून संताप. करदात्याने आधी स्वतःशी एकमत करावं.

‘महाराष्ट्रात सगळ्यांना फुकटच होतं, मग रडता कशाला?’ यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मे २०२० मध्ये राज्याने ही योजना रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्या रहिवाशांना खुली केली. पिवळं, केशरी, पांढरं, काहीही चालेल. देशात असं करणारी राज्यं फार नव्हती, हे श्रेय द्यावंच लागेल. पण कागदावर खुली असणं वेगळं आणि रात्री दोन वाजता ऑक्सिजन ८४ वर आलेला माणूस घेऊन दारात उभं राहणं वेगळं. हॉस्पिटल योजनेत हवं, त्यात बेड हवा, आणि आजार आधीपासून ठरलेल्या पॅकेजांत बसायला हवा. ही पॅकेजं प्रामुख्याने अतिदक्षतेतल्या रुग्णांची. नुसत्या ऑक्सिजनवर वॉर्डात पडून राहिलेल्या मामासारख्यांची त्यात पंचाईत व्हायची. आम्हाला काउंटरवर उत्तर मिळालं, ‘योजनेतले बेड फुल्ल आहेत, कॅशमध्ये आहे एक.’

आता ज्या वाक्याने डोकं फिरलं ते. ‘साथीत उपचाराचा खर्च सरकारचा विषय आहे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?’ लिहिलंय ना! साथरोग कायदा, १८९७. मुंबईत मांडवीच्या बाजूला १८९६ मध्ये प्लेग सुरू झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांनी हा चार कलमांचा कायदा घाईघाईने केला. त्याचं दुसरं कलम काढून वाचा. साथ रोखण्यासाठी सरकार हवे ते तात्पुरते नियम करू शकतं, हे सगळ्यांना पाठ आहे, कारण लॉकडाऊनमध्ये त्याचा दंडुका सगळ्यांनी खाल्ला. त्याच वाक्याच्या शेपटाशी पुढे आहे: होणारा खर्च, नुकसानभरपाई धरून, कोणत्या रीतीने आणि कोणी सोसायचा हेही सरकार ठरवू शकतं. इंग्रजांना गोरगरिबांचा कळवळा आला होता असं मुळीच नाही. त्यांच्या प्लेगच्या झडत्यांनी पुण्यात काय घडवलं ते शाळेतलं पोरही सांगेल. पण माणसाला सक्तीने घराबाहेर काढायचं, वेगळं ठेवायचं, तर खर्चाचा प्रश्न उठणार, एवढं त्यांनाही कळत होतं. सरकारनेच सगळं भरावं असं हे कलम म्हणत नाही, हे मुद्दाम सांगतो. पण कोणी भरायचं ते ठरवणं सरकारच्या हातात दिलंय. म्हणजे ‘सरकारचा संबंध काय’ हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे.

आणि महाराष्ट्राने ते ठरवलंही होतं. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी हॉस्पिटलांतले ८० टक्के बेड सरकारी दराखाली आणले: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. खर्च पेशंटचाच, पण त्याला मर्यादा. या दरात बेड, जेवण, नर्सिंग, डॉक्टरची तपासणी, एक्स-रे, ईसीजी, साध्या रक्ताच्या चाचण्या धरलेल्या होत्या. पीपीई किट, महागडी इंजेक्शनं, सीटी स्कॅन हे बाहेर. हे वाचून मी मामाची फाइल मागवली. बिलात ‘बेड चार्जेस’ दिवसाला ४,००० बरोब्बर, एक रुपया इकडे तिकडे नाही. आणि खाली वेगळ्या ओळी: नर्सिंग चार्जेस रोजचे, डॉक्टर व्हिजिट रोजच्या दोन, मॉनिटर, डाएट. म्हणजे जे चार हजारांत आधीच घेतलं तेच पुन्हा सुटं करून विकलं. तेव्हा हे कळलं असतं तर बिल तपासायला नेमलेल्या ऑडिटरकडे गेलो असतो. पण डिस्चार्जच्या दिवशी माणूस जिवंत हाती आला की कोण ओळी मोजत बसतो? बरं, हे आमच्या वाट्याला आलं म्हणून सगळीच हॉस्पिटलं तशी नव्हती. प्रामाणिक बिल करणारीही होती.

‘दर बांधल्याने खासगी हॉस्पिटलं बुडाली.’ लहान नर्सिंग होमचं म्हणणं मी ऐकून घेईन. ऑक्सिजन महागला होता, स्टाफ दुप्पट पगाराशिवाय यायला तयार नव्हता, आणि मुंबईला नि तालुक्याला दर एकच. (जून २०२१ मध्ये शहरांचे तीन वर्ग केले, तेव्हा लहान गावांचे दर आणखी खाली आले, हा वेगळाच विनोद.) पण दर बांधला की सगळं कोसळतं हे खोटं. आरटीपीसीआर चाचणी आठवते? सुरुवातीला ४,५०० पर्यंत मुभा होती. राज्याने जून २०२० मध्ये २,२०० केली, ऑक्टोबरात ९८०, आणि मार्च २०२१ संपता संपता ५००. तरी लॅबसमोरची रांग काही हटली नाही.

‘मास्क न लावणाऱ्याचं बिल माझ्या टॅक्समधून का?’ टीबीची औषधं या देशात फुकट आहेत, श्रीमंतालाही. कारण एक जण खर्चाला भिऊन घरी खोकत बसला तर त्याची झळ शेजाऱ्याला लागते. यापेक्षा जास्त या मुद्द्यावर लिहायची इच्छा नाही. आणि करदाता म्हणजे फक्त रिटर्न भरणारा काय? मामासाठी आम्ही वणवण करून आणलेल्या रेमडेसिव्हिरवर तेव्हा १२ टक्के जीएसटी होता. तो ५ वर आला १२ जून २०२१ ला, दुसरी लाट ओसरत आली तेव्हा. त्या इंजेक्शनाची शिफारस करू नये, असं डब्ल्यूएचओने त्याआधीच्या नोव्हेंबरातच सांगून टाकलं होतं, ते जाऊ द्या.

राहिला शहाणा सल्ला: ‘मेडिक्लेम काढायला काय झालं होतं?’ साथ आल्यावर विमा कंपन्यांनी जुलै २०२० मध्ये खास ‘कोरोना कवच’ आणलं. त्यात शिरायला वयाची अट ६५ पर्यंत होती. मामा तेव्हा ६६ चा.