पीटर्सबर्ग दीड दिवसात उरकायचं शहर नाही

आज दुपारी ओळखीतल्या एका काकांनी त्यांच्या रशिया सहलीचा, टूरवाल्यांनी आखलेला कार्यक्रम पाठवला, "जरा नजर टाक, ठीक आहे ना?" म्हणून. जून महिना, घरची सहा माणसं, काकूंचे गुडघे दुखरे, नातवंडं आठ आणि अकरा वर्षांची. मॉस्को चार दिवस. सेंट पीटर्सबर्ग असं: सोमवारी सकाळी हर्मिटेज संग्रहालय, दुपारी पीटरहॉफचा राजवाडा, मंगळवारी सकाळी कॅथरीन पॅलेस, मग थेट विमानतळ. वाचून डोकं फिरलं.

हर्मिटेज सोमवारी बंद असतं. पीटरहॉफचा मोठा राजवाडाही सोमवारीच बंद. कॅथरीन पॅलेस मंगळवारी बंद. आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, "काही स्थळे बाहेरून". म्हणजे ज्याने हे वेळापत्रक आखलं त्याला सगळं माहीत होतं! माणसं आयुष्यभराची बचत काढून निघतात आणि त्यांना कुलूपबंद दारासमोर फोटोला उभं करायचं? ही सरळसरळ फसवणूक आहे.

पीटरहॉफची कारंजी सोमवारीही चालू असतात, एवढं टूरवाल्यांच्या बाजूने कबूल.

या शहरात कार्यक्रम वारांपासून आखायचा असतो. मंगळवारी रात्री पोहोचा. बुधवारी हर्मिटेज, गुरुवारी पीटरहॉफ, शुक्रवारी कॅथरीन पॅलेस, शनिवारी पीटर आणि पॉलचा किल्ला आणि रक्तावरच्या तारणहाराचं चर्च (हे बुधवारी बंद असतं, म्हणून शनिवारी), रविवार मोकळा. हवा बिघडली तर रविवार कामाला येतो, आणि बाल्टिक समुद्राकाठी हवा बिघडतेच. जूनमध्येही स्वेटर आणि छत्री रोज पिशवीत हवी. निघण्याआधी त्या त्या संग्रहालयाच्या साइटवर सुट्टीचे वार पुन्हा तपासा, कारण सणावारी ते बदलतात.

हर्मिटेजमध्ये तीसेक लाख वस्तू आहेत. "सगळं बघू" म्हणून आत शिरलेली माणसं तासाभरात थकून खिडकीपाशी टेकतात. कोट आणि मोठ्या पिशव्या तळमजल्यावर जमा कराव्या लागतात, तिथेच रांगेत वेळ जातो. मग जॉर्डन जिना चढून आधी मोराच्या घड्याळाकडे जा. तो सोन्याचा मोर रोज पिसारा फुलवत नाही, मुलांना आधीच सांगा. तिथून लिओनार्दोच्या दोन मॅडोना, मग राफाएलच्या नक्षीचा लांबलचक सज्जा, मग रेम्ब्रांटचं दालन. 'उधळ्या पुत्राचं पुनरागमन' या चित्रासमोर दहा मिनिटं घाई न करता उभं राहा. शेवटी तळमजल्यावर इजिप्तची ममी, ती मुलांसाठी. एवढ्याला तीन तास लागतात आणि एका दिवसाला तेवढं पुरे. मातीसचं 'नृत्य' बघायचं असेल तर ते या महालात नाही, चौकापलीकडच्या जनरल स्टाफच्या इमारतीत आहे. ते रविवारी.

काकांच्या कागदावर या सगळ्याला दोन तास दिलेत. तेही सोमवारी.

पीटरहॉफला मेतेओर नावाच्या वेगवान बोटीने जा. हर्मिटेजच्या, म्हणजे हिवाळी महालाच्या, समोरच्या धक्क्यावरून पाऊण तासाच्या आत पोहोचवते. वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा आवतोवोपर्यंत मेट्रो आणि पुढे बस, हा पर्याय लक्षात असू द्या. अकराच्या आधी बागेत शिरा, कारण अकराला संगीताच्या साथीने मोठा धबधबा सुरू होतो आणि सिंहाचा जबडा फाडणाऱ्या सॅमसनच्या पुतळ्यात त्या सिंहाच्या जबड्यातून २० मीटर उंच पाणी उसळतं. या कारंज्यांना पंप नाहीत. रोपशाच्या उंचवट्यावरून कालव्यांनी आणि तळ्यांतून पाणी उताराने येतं, १७२१ पासून. अकरा वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा, ती अख्खी बाग वेगळ्या नजरेने बघेल. पुढे खोडकर कारंजी आहेत, बाकाजवळ गेलं की अंगावर पाणी उडतं. लहान मुलांसाठी कपड्यांचा एक जोड जवळ ठेवाच. आणि ही सगळी कारंजी ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत पीटरहॉफ विकणाऱ्यांना मंडळी, हा प्रश्न जरूर विचारा.

रात्री जहाजांना वाट द्यायला नेव्हा नदीवरचे पूल उघडतात. ते बघायचे असतील तर हॉटेल नदीच्या कुठल्या काठावर आहे ते आधी पाहा. राजवाडा पूल रात्री साधारण सव्वा वाजायच्या आत उचलतात, इतर पूल थोड्या फरकाने, आणि पहाटेपर्यंत वाहतूक थांबते. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. हॉटेल वासिलिएव्स्की बेटावर आणि तुम्ही राजवाड्याच्या बाजूला, असं झालं की दुखऱ्या गुडघ्यांनिशी पहाटेपर्यंत काठावर बसायचं. आपल्याच काठावर उभं राहून बघा. जूनमध्ये तेव्हाही आकाश पुरतं काळं नसतं, उचललेल्या पुलाच्या दोन पंखांमधून किल्ल्याचा सुळका दिसतो. या एका दृश्यासाठी मुलांची झोप मोडली तरी चालेल.

शाकाहारी मंडळी घाबरतात, ते अगदीच चुकीचं नाही. बोर्श्च, म्हणजे बिटाचं सूप, बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतं आणि "मांस नाही" म्हणून दिलेल्या पदार्थात चिकन निघू शकतं. म्हणून चिकन नको, मासे नको, हे वेगवेगळं सांगा. खाण्यासारखं मात्र भरपूर आहे. बटाट्याचे किंवा चेरीचे वारेनिकी (उकडलेल्या करंज्या), मशरूमचे ब्लिनी (पातळ धिरडी), कोबीचे पिरोझ्की (सारण भरलेले छोटे पाव). सगळ्यात सोयीची जॉर्जियन हॉटेलं: चीज भरलेली खाचापुरी, राजम्याचं लोबिओ, अक्रोडाची चटणी भरलेली वांगी. काकू तिथे पोटभर जेवतील. त्यासाठी सहा दिवस थेपल्यांवर काढायची गरज नाही.

पैशांचं नीट ऐका. आपली व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे २०२२ पासून चालत नाहीत. कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि बँकेत बदला. डाग किंवा शाई असलेली नोट परत करतात. तिकिटांच्या रशियन साइटवरही आपलं कार्ड अडतं, त्यामुळे वेळेची तिकिटं हॉटेलमार्फत आधी काढून घ्या. परदेशी माणसाला सिम मिळवणंही आता कटकटीचं झालंय, म्हणून नकाशे घरूनच फोनमध्ये उतरवा आणि हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून घ्या.

आत्ताच्या दिवसांत रशियाला जाऊच नये असं कुणाला वाटत असेल तर ते मत समजण्यासारखं आहे. पण गेलात तर या शहराने काय सोसलंय ते कळल्याशिवाय परत येऊ नका. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने शहराला घातलेला वेढा ८७२ दिवस चालला. १९४१ च्या हिवाळ्यात सर्वात कमी वाटा मिळणाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. नेव्स्की रस्त्यावर १४ नंबरच्या इमारतीवर अजून निळी पाटी आहे: तोफमाऱ्यात रस्त्याची ही बाजू जास्त धोक्याची. पिस्कार्योव्स्कोये स्मशानात सुमारे पाच लाख माणसं पुरली आहेत, बहुतेकांची नावंही नाहीत. पीटरहॉफचा महाल युद्धात जळला होता, कॅथरीन पॅलेसची अंबर खोली, म्हणजे अंबरच्या पिवळसर खड्यांनी मढवलेलं दालन, लुटून नेली होती. कारागिरांनी ती १९७९ पासून पुन्हा घडवली आणि २००३ मध्ये खुली झाली. म्हणून आत जायचं असतं. ती माणसांनी परत उभी केलेली खोली आहे, तिला "बाहेरून" बघता येत नाही.

काकांना आत्ताच फोन करून सांगितलंय: मॉस्कोचे दोन दिवस कमी करा, पीटर्सबर्ग मंगळवारी रात्रीपासून घ्या, आणि बदलून देत नसतील तर आगाऊ रक्कम परत मागा. ग्रुप टूरने वयस्करांची सोय होते, मान्य. पण पैसे भरण्याआधी तारखेसमोर वार लिहून मागायचा आणि प्रत्येक ठिकाणापुढे "आतून" की "बाहेरून" हेही.

यंदा कुणी जाणार असेल तर महिना, माणसांची वयं आणि हॉटेल कुठल्या काठावर आहे ते कमेंटमध्ये लिहा. वारांची मांडणी करून देते.