अंधाराचं कौतुक कोणी करावं?

ताई, जुन्या वाड्यांतल्या अंधाराचं कौतुक करणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "अंधाराचं कौतुक दोन तास वाडा बघून घरी जाणाऱ्यांनी खुशाल करावं. माझ्या आजीनं सदाशिव पेठेतल्या काळोख्या माजघरात ५० वर्षं काढली." झोंबलं. खरं आहे म्हणूनच झोंबलं.

माजघराला मी 'गाभाऱ्यासारखं शांत' म्हटलं, ते तिथे पाहुणा म्हणून उभं राहून. वाड्यात उजेडाचीसुद्धा उतरंड असायची. चौकालगतचा सोपा उजळ, तिथे पुरुषमंडळींची बैठक. माजघरात उजेड यायचा तो उरलासुरला, आणि स्वयंपाकघरात चुलीच्या धुराला एखादा झरोका. बाळंतिणीच्या खोलीचं तर विचारूच नका. हे सगळं मी गाळलं, ती चूक माझीच.

पण म्हणून अंधार म्हणजे घुसमटच, हे काही पटत नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं बघा, आठव्या शतकातलं, कातळात कोरलेलं. भर दुपारी अंगणातल्या गोल नंदीमंडपापाशी जरा उन्हात थांबा आणि मग आत शिरा. आधी काहीच दिसत नाही. पाय आपसूक जपून पडतात, आवाज खाली येतो. मग चौकोनी खांब एकेक करून पुढे येतात. डोळ्यातली बाहुली लगेच मोठी होते, पण डोळा अंधाराला पुरता सरावायला २०-३० मिनिटं लागतात. तेवढा वेळ तिथे थांबतं कोण? (फोनचे टॉर्च निघतात, ते वेगळंच.) तरी त्या पहिल्या दोन मिनिटांतच मन निवतं, कारण घाई करायची सोयच त्या दगडानं ठेवलेली नाही. अर्थात मी तिथून हवं तेव्हा उठून बाहेर येतो. तुमच्या आजींना ती मुभा नव्हती.

राहिला तुम्ही वाड्यापेक्षा बरा म्हटलेला 'लख्ख फ्लॅट'. दिवसा माझंही मत तुम्हालाच. पण रात्री अकरापर्यंत डोक्यावर पांढरा एलईडी जळत असेल, तर झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं. मग अंथरुणात तळमळत बसायचं.

तुमची प्रतिक्रिया आईला वाचून दाखवली. तिचंही लहानपण वाड्यातलं. म्हणाली, "माजघरात सुई ओवता यायची नाही रे, चौकात यावं लागायचं." आता दिवेलागणीला ती ट्यूब बंद करते, समईपाशी दहा मिनिटं बसते. मग भाजी निवडायची असते, म्हणून स्वतःच उठून ट्यूब लावते.