बाजूला व्हा न जरा!

आज सकाळी साडेसातला आमच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटमधून एक घोरपड निघाली. रात्रभर पाऊस, बिळात पाणी शिरलं असणार. तिला रस्ता ओलांडून पलीकडच्या नालीत जायचं होतं, बस. वीस पावलांचा रस्ता. तेवढ्यात पंचवीस जण जमले. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात झाडू, आणि मोबाइल सगळ्यांच्याच. एक पोट्टा शेपटी ओढून राहिला होता, बाकीचे "अबे इकडे वळव, इकडे वळव, व्हिडिओत नाही येऊन राहिली" करत होते.

"विषारी असते ते, मारून टाका न बे!" हे कोण म्हणालं? तर आमचे एक शेजारी. दर उन्हाळ्यात हजारो रुपये मोजून ताडोब्याला जातात, उन्हात जिप्सीत बसतात, वाघाच्या शेपटीचं टोक दिसलं तरी डीपी बदलतात. यांच्या दारात जंगल स्वतः चालत आलं, फुकटात, तर झाडू.

घोरपड विषारी नसते हो. उंदीर खाते, किडे खाते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे तुमच्या त्या लाडक्या वाघाच्याच रांगेत. आणि तिजोरीत ठेवायला "हत्ताजोडी" म्हणून जे मूळ विकतात न, ते मूळबीळ काही नसतं. नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. लावा आता त्याला शेंदूर. तानाजीच्या यशवंतीची गोष्ट ऐकत मोठे झालो आपण, खरी असो की दंतकथा. गोष्टीतल्या घोरपडीला मान, आणि गल्लीतलीला काठी!

असो. मला तिथे उभ्या उभ्या ते घमेलं आठवलं.

2014 ला माझी बदली गुहागरला झाली होती, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. नागपूरची बाई, आयुष्यात समुद्र पाहिलेला दोनदा, तोही सहलीत. बँकेत दहाला हजर व्हायचं, म्हणून सहाला उठून पुळणीवर चालायला जायचे. लेक सहा वर्षांचा, इथे सासूबाईंजवळ. घरात बसलं की त्याचीच आठवण यायची, म्हणून चालायचे, खरं सांगायचं तर. जानेवारी होता. उजाडलं नव्हतं नीट. सुरूच्या झाडांच्या खाली वाळूत कोणीतरी घमेलं पालथं टाकून गेलंय असं वाटलं. मी दहा पावलं पुढे गेले आणि ते घमेलं हललं.

ऑलिव्ह रिडले कासवीण. अंडी घालून झालेली, खड्डा बुजवून झालेला, आणि आता अंगाने वाळू दाबत होती. एकदा या बाजूला आपटायची, एकदा त्या बाजूला. धप, धप. चांगली चाळीसेक किलोची असेल. वाळूत तिच्या येण्याची नक्षी उमटलेली, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखी. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आता माहीत आहे की ते अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणं असतं, रडणं नसतं. तेव्हा माहीत नव्हतं आणि तेव्हा माझी अवस्थाही तशीच होती, त्यामुळे मला जे वाटायचं ते वाटलं.

तिथे एक म्हातारे कासवमित्र होते, घरटी शोधायला रोज पहाटे पुळण पालथी घालणारे. त्यांचा आवाज अजून कानात आहे. "ओ मॅडम, मागे या. पुढ्यात उभ्या राहू नका. तिला समुद्र दिसला पाहिजे." एवढंच. दोन रापण ओढणारे माणसं वाटेत होते, ते जाळं उचलून आपोआप बाजूला झाले. कोणी ओरडलं नाही, कोणी काही शिकवलं नाही. ती पंधरा-वीस मिनिटं घेत गेली, थांबत थांबत, आणि आम्ही चार माणसं तिच्या मागे. वरातीसारखी.

पण कोकणातले लोक संतबिंत नाहीत, हेही सांगते, नाहीतर कोणीतरी कॉमेंटमध्ये येईलच. त्याच म्हाताऱ्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं, "आमच्या लहानपणी आम्ही अंडी काढून खाल्लीत हो. बाजारात विकायला पण यायची." आणि आजही डॉल्फिनच्या मागे बोटी पळवतातच की पर्यटकांसाठी. पण त्या माणसाने खाणं सोडलं, आणि उतारवयात रोज पहाटे कुत्र्यांच्या आधी घरट्यापाशी पोहोचायला लागला. शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून काढायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, मग पन्नासेक दिवस वाट बघायची. मानधन किती मिळतं ते मी विचारलं होतं. इथे लिहीत नाही, लाज वाटेल.

भीती वाटते, मान्य. बारकी लेकरं खेळतात तिथे. आणि ताडोब्याच्या काठच्या गावांत ज्यांच्या घरचं माणूस वाघाने नेलं त्यांना उपदेश करायची माझी लायकी नाही. पण ही घोरपड होती! भीती वाटते तर लांब व्हा, शेपटी कशाला ओढता? 1926 वर फोन लावा, वनविभागाचा नंबर आहे. पंचवीस मोबाइल होते तिथे, एकाने लावला नाही. मी लावला. मग एक सर्पमित्र पोट्टा आला, बावीस-तेवीसचा असेल, भिजलेला. पोत्यात घेऊन गेला पाच मिनिटांत. चहा पण नाही घेतला.

आता खरी गोष्ट. शेपटी ओढणारा पोट्टा दुसऱ्याचा होता, पण "इकडे वळव" म्हणणारा माझा होता. तोच, सहा वर्षांचा, आता सतरा पूर्ण. घरी आल्यावर मी जे तोंड सोडलं ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. कासविणीची गोष्ट परत ऐकवली, अकराव्यांदा. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "आई, पण तू पण तर फ्लॅश मारला होता न."

मारला होता.

कासवमित्र "मागे या" म्हणाले ते उगाच नव्हते म्हणाले. मी धावत तिच्या पुढ्यात गेले होते आणि लेकाला दाखवायला म्हणून फोटो काढला होता, अंधारात, फ्लॅशसकट. ती थांबली, आणि भलतीकडे वळली, सुरूच्या झाडांकडे. मग पंधरा मिनिटं लागली, नाहीतर पाच लागली असती. हा भाग मी गोष्टीत कधी सांगत नाही. त्याला फोटोवरून कळलं होतं. फोटोत कासव नाहीच, नुसती पांढरी वाळू आणि एक डोळा चमकलेला.

माझा राग तिथेच बसला. त्याला पोहे करून दिले.

दुपारी जुनी बातमी परत काढून त्याला वाचायला दिली. ओडिशाच्या गहिरमाथ्याला 2021 मध्ये टॅग लावलेली एक कासवीण 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. साडेतीन हजार किलोमीटर. तो नकाशा बघून म्हणाला, "सरळ आली असती तर नागपूरवरून आली असती, झिरो माइलवर थांबली असती." मी म्हटलं, बरं झालं बाबा समुद्रातून गेली. आपल्या लेआउटमधून गेली असती तर पोहोचली नसती.

आत्ता ग्रुपवर मेसेज आलाय. रविवारी अकराला मीटिंग, विषय: रिकामा प्लॉट जेसीबी लावून साफ करणे. अनुमोदन द्यायला आठ अंगठे आलेत. मी जाणार आहे. लेकही येतो म्हणतो, बघू उठतो का.