पन्नास हजार किलोमीटर घेऊन काय करू?

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "टायर बदलायचेत, सगळ्यात जास्त चालणारा कुठला?" अर्ध्या तासात साठ मेसेज. एमआरएफवाले एका बाजूला, ब्रिजस्टोनवाले दुसऱ्या, मध्येच कुणीतरी योकोहामाचा झेंडा नाचवून गेला. पावसात ब्रेक कसा लागतो, हे एकानेही विचारलं नाही. आणि राहतो कुठे आम्ही? कासारवडवलीला, घोडबंदर रोडवर, जिथे जून ते सप्टेंबर रस्ता कमी आणि पाणी जास्त.

तिथे एवढं लांबलचक लिहिलं असतं तर अॅडमिनने हाकललं असतं, म्हणून इथे लिहितोय.

जुलै २०२४. मीरा रोडहून परत येत होतो, गायमुखचा घाट उतरत होतो. पाऊस रिपरिप, वेग जेमतेम पस्तीस-चाळीस. पुढच्या टेंपोचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल टकटक करायला लागलं, म्हणजे चाकं जागच्या जागी अडकू न देणारं एबीएस आपलं काम करत होतं, पण गाडी थांबेचना. साबणावरून घसरावी तशी आरामात पुढे निघाली. टेंपोच्या मागे 'आई एकवीरेची कृपा' लिहिलं होतं. ते मी वीतभर अंतरावरून वाचलं. त्या दिवशी ती कृपा दोन्ही गाड्यांवर होती.

गंमत म्हणजे टायर गुळगुळीत झालेले नव्हते. एक्केचाळीस हजार किलोमीटर झालेले, आणि नक्षी चार मिलिमीटर शिल्लक. कायद्याची मर्यादा १.६. मी तर अभिमानाने सांगायचो, "कंपनीचेच टायर आहेत, अजून वर्षभर आरामात जातील." दुसऱ्या दिवशी माजिवड्याच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने नक्षीकडे बघितलंच नाही. खाली बसला, टायरच्या कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, हे वाचा." ३११७. म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. मग म्हणाला, "आता नख रुतवून बघा." नख रुतेना. खुर्चीच्या पायाचं बूच असतं ना, तसं रबर झालं होतं. लॉकडाऊनमध्ये गाडी दोन वर्षं उघड्या पार्किंगमध्ये उन्हात उभी. किलोमीटर वाढले नाहीत, वय वाढत राहिलं.

ठाणे स्टेशनच्या पुलावर पावसात जुनी, कडक झालेली चप्पल घालून उतरलाय कधी? तळाला खाचा सगळ्या दिसतात, तरी पाय जातो. टायरचंही तेच. पाणी बाजूला सारायचं काम नक्षीचं, पण रस्ता धरायचं काम रबराचं. मऊ रबर डांबरातल्या खडीच्या उंचसखलपणात दबतं, तिला चिकटून बसतं. तेच दबणं-सुटणं त्याला झिजवतं, थोडं पेट्रोलही खातं. कडक रबर झिजत नाही, कारण ते रस्त्याला फारसं धरतच नाही. १९९२ च्या सुमाराला मिशेलिनने रबरात सिलिका घालून पकड, झीज आणि पेट्रोल यांच्या या भांडणात बरीच तडजोड घडवून आणली आणि मग सगळ्याच कंपन्या त्या वाटेने गेल्या. पण भांडण मिटलेलं नाही. चारही चाकं मिळून गाडी जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर, आणि तेवढ्यात सगळं बसवायचं असतं.

आता माझा हिशेब. ठाणे ते महापे, आठवड्यातून तीन दिवस, अधूनमधून गाव. वर्षाला नऊ हजार किलोमीटर. पन्नास हजार चालणारा टायर मला साडेपाच वर्षं पुरेल. मिशेलिन स्वतःच सांगते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा झाली की नक्षी कितीही असो, बदला. दहा तर सोडाच, माझे सातव्या वर्षीच बूच झाले होते. म्हणजे जास्त चालणाऱ्या टायरचे शेवटचे किलोमीटर मी म्हाताऱ्या रबरावर काढणार. त्यासाठी आधीची सगळी वर्षं पावसात जीव मुठीत धरून ब्रेक मारायचा? माझा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. मग तो थोडा लवकर झिजला तर माझं काय जातंय?

हे मी काकांना सांगितलं आणि फसलो.

काकांनी वागळे इस्टेट ते भिवंडी टेंपो चालवला, सव्वीस वर्षं. त्यांचं टायरशास्त्र एका वाक्याचं : "टायर म्हणजे एमआरएफ, बाकी रबर." सचिनच्या बॅटवर तो स्टिकर आला तेव्हा त्यांना स्वतःचाच सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. मी त्यांना चिडवायला म्हटलं, "काका, तुमच्या एमआरएफने १९४६ मध्ये मद्रासला खेळण्यातले फुगे बनवण्यापासून सुरुवात केली, माहितेय?" ते म्हणाले, "मग? फुगवायचं काम तेव्हापासून जमतंय म्हणजे."

पण त्यांचं बरोबरही होतं, त्यांच्यापुरतं. टेंपो दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पळायचा. टायर म्हातारा व्हायला वेळच मिळायचा नाही. किलोमीटरमागे पैसे मोजणं ही कंजुषी नव्हती, घर त्यावर चालायचं. झिजलेला टायर रिसोल करून, म्हणजे वर नवं रबर बसवून, पुन्हा चढवायचा, तोही संपला की अंगणात झाडाभोवती आळं म्हणून. आपली गडबड अशी की आपण धंदेवाल्यांचा प्रश्न उचलला आणि आठवड्यातून तीन दिवस निघणाऱ्या गाडीला लावला.

ब्रँडनिष्ठेचं म्हणाल तर मला ती कधी कळली नाही. एकाच कंपनीचा एक टायर दणकट आणि जास्त चालणारा असतो, दुसरा मऊ आणि शांत. नाव बघून घेतलं तर दोन्हींपैकी कुठलाही गळ्यात पडू शकतो. काही टायरवर 'ट्रेडवेअर' म्हणून झिजेचा आकडा असतो, ३२०, ४४० असा. त्यावरही फार विसंबू नका. अमेरिकन पद्धतीत १०० च्या मानक टायरशी तुलना करून तो आकडा कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत त्याला अर्थ आहे, दोन कंपन्यांत फारसा नाही. युरोपच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरची पकड असते, इंधन असतं, आवाजाचे डेसिबल असतात, किती चालेल ते नसतंच. मला हे आवडलं. निष्ठा ठेवायचीच तर टायरवाल्याशी ठेवा, जो चाळीस हवा मारून "जास्त चालेल साहेब" म्हणत नाही, ड्रायव्हरच्या दारावरचा स्टिकर वाचून ३३ मारतो.

तर मी मऊ घेतले. शांत, पावसात छान धरणारे. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "पस्तीस हजार धरून चला." टायरमागे पंधराशे जास्तच गेले. पहिल्याच दिवशी पाम बीच रोडवर बायको म्हणाली, "आज गाडी सर्व्हिसिंग करून आणलीस का?" मला तेवढ्याने भरून पावलं.

आता माझी फजितीही सांगतो. अकरा महिन्यांनी, पुढच्या जूनमध्ये, पातलीपाड्याच्या अलीकडे पाण्याखालचा खड्डा. धाडकन! घरी येऊन बघतो तर पुढच्या डाव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की हवा तिथून बाहेर यायला बघते. हा टायर दुरुस्त होत नाही, बदलायचाच. वॉरंटी? "खड्ड्याचा मार त्यात बसत नाही, सर." ब्रँडचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये युद्ध नको, आणि खड्डा काही त्यांनी खणला नव्हता.

थोडी चूक माझीही. गाडी घेताना अलॉयच्या, म्हणजे चकचकीत मोठ्या रिमच्या, मोहात वरचं मॉडेल घेतलं. त्याला १९५/५५ आर१६, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात साधारण १०७ मिलिमीटर रबर. खालच्या मॉडेलला १८५/६५ आर१५, तिथे १२०. हा तेरा मिलिमीटरचा फरक शोरूममध्ये कुणी सांगत नाही, घोडबंदर रोड सांगतो. गाडी मऊ चालावी म्हणून मी टायरचे पैसे जास्त मोजले, आणि तोच मऊपणा त्याआधी अलॉयवर घालवून बसलो होतो.

काकांना फोटो पाठवला. पाच मिनिटांत व्हॉइस मेसेज, आधी नुसतंच हसू, मग : "ते फुग्यापासून टायरपर्यंत आले रे. तू टायरपासून फुग्यापर्यंत गेलास."

दुसऱ्या दिवशी माजिवड्याला जाऊन त्याच जातीचा मऊ टायर पुन्हा नवा घेतला. काकांना अजून सांगितलेलं नाही.