ट्रॅक्टर मधोमध वेगळा करण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या ट्रॅक्टरचा गिअर का खरखरतो, यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहिण्याआधी दोन दिवस थांबलो, कारण पहिल्याच दिवशी लिहिले असते तर शब्द याहून कडवट आले असते. आपले म्हणणे थोडक्यात असे: क्लच पूर्ण सुटत नसेल तर पेडल आणि लिंकेज (पेडलला क्लचशी जोडणाऱ्या दांड्या, लिव्हर आणि पिना) तपासत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, दोष बहुधा पायलट बेअरिंगमध्ये (इंजिनच्या फ्लायव्हील या जड चाकात बसणारे, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारे बेअरिंग) किंवा इंजिनची ओढ गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या क्लच प्लेटमध्ये, ती वाकली असल्यास, असतो आणि त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध उघडून दोन भागांत वेगळा करावाच लागतो, पेडलच्या मोकळ्या खेळाचे (क्लचवर परिणाम होण्याआधी पेडल जेवढे सैल दबते त्या अंतराचे) मी दिलेले माप सर्व ट्रॅक्टरांना लागू होत नाही, आणि शेवटी, “हाताला ग्रीस न लावता लिहिणाऱ्यांमुळे शेतकऱ्याचे नुकसान होते.”

हे शेवटचे वाक्य आपण लिहायला नको होते. मतभेद यंत्राविषयी होता. माझ्या हातांविषयी आपल्याला काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माझ्या वडिलांनी 1991 मध्ये जुना, 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला, तेव्हापासून गोव्यातील वाळपईजवळच्या आमच्या शेतात सरद (पावसाळी) आणि वायंगण (हिवाळी) या भाताच्या दोन्ही हंगामांची चिखलणी त्यावरच झाली. ट्रॅक्टरखाली झोपून पाना धरण्याचे काम मी शाळेत असल्यापासून केले आहे. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, पण ज्या माणसाला आपण कधी पाहिले नाही त्याच्याविषयी असे ठामपणे लिहिणे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

मापाच्या बाबतीत आपले बरोबर आहे. मी पेडलला 20 ते 30 मिलिमीटर मोकळा खेळ ठेवावा असे सरसकट लिहिले होते; प्रत्येक मॉडेलचे माप त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच धरावे, हे वाक्य मी लेखात घालतो आहे.

आता “वेळेचा अपव्यय” याविषयी, कारण मला सर्वाधिक लागले ते हेच.

1998 च्या जुलैमध्ये, लावणी ऐन भरात असताना, आमच्या ट्रॅक्टरचा पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकताना करकर आवाज येऊ लागला. गावाबाहेरच्या एका मेकॅनिकने आवाज ऐकताच, पेडलला हातही न लावता, ट्रॅक्टर मधोमध वेगळा करायला सांगितले. चार दिवस ट्रॅक्टर दोन भागांत पडून राहिला, नवी क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट बसली, आणि जोडून चालू केल्यावर तोच आवाज तसाच आला. शेवटी वडिलांनी मला पेडल दाबायला लावले आणि स्वतः खाली वाकून पाहिले. पेडल अर्धे खाली गेले तरी क्लच शाफ्टचा लिव्हर जागचा हलत नव्हता. जोडणीतली पिन झिजून बारीक झाली होती आणि तिचे भोक लांबट झाले होते. नवी पिन घातली, झिजलेले भोक भरून पुन्हा पाडून घेतले, मोकळा खेळ नीट जुळवला, आणि गिअर निमूटपणे पडू लागला. त्या चार दिवसांत शेजाऱ्यांची चिखलणी उरकली आणि आमची रोपे वाफ्यातच जून झाली. ज्याने हे सोसले आहे त्याला दहा मिनिटांच्या तपासणीस अपव्यय म्हणवत नाही.

यामागचे कारणही नीट पाहावे. मोकळा खेळ वाढला की पेडलचा बराचसा प्रवास रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर पुढे सरकणारे बेअरिंग) क्लचच्या फिंगरपर्यंत (दाबल्यावर प्लेट सोडवणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) पोहोचण्यातच खर्च होतो. प्लेट फ्लायव्हीलपासून पुरती सुटत नाही, गिअरबॉक्समधला शाफ्ट फिरत राहतो, आणि थांबलेल्या गिअरवर फिरता गिअर घासतो. उलट, प्लेट झिजत जाते तसा मोकळा खेळ कमी होत जातो आणि क्लच घसरू लागतो. म्हणून खेळ वाढलेला दिसला, तर तो प्लेटच्या झिजेमुळे नव्हे. पिन, बुश, लिव्हर किंवा आधीची चुकीची जुळवणी तपासायला हवी, आणि त्यांपैकी बहुतेक गोष्टी बाहेरून दिसतात. ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरांत तर पेडलचा पहिला टप्पा चाकांची ओढ सोडतो आणि दुसरा पीटीओची (रोटाव्हेटरसारखी अवजारे फिरवणाऱ्या शाफ्टची), त्यामुळे तिथे पेडलच्या प्रवासातली थोडी घटही जाणवते.

शिवाय आवाज म्हणजे दोषच, असेही नाही. आपल्याकडच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांत सिंक्रोमेश (गिअर बदलताना त्यांचा वेग जुळवणारी रचना) नाही; ते पूर्ण थांबवूनच गिअर बदलायचे असतात. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. आवाज आला नाही, तर शाफ्ट केवळ वेगामुळे फिरत होता आणि घाई चालकाची होती. थांबूनही आवाज येत असेल, तर क्लच खरोखर सुटत नाही. ही परीक्षा मी मूळ लेखातही दिली होती. ती आपल्या वाचनातून सुटली असावी.

पायलट बेअरिंग जाम झाले तर प्लेट सुटूनही फ्लायव्हील शाफ्टला ओढत राहते, हे मी नाकारत नाही. लिंकेज नीट असूनही करकर राहिली, तर ट्रॅक्टर वेगळा करावाच लागतो. वाकलेल्या प्लेटचेही तेच. परंतु ही शेवटची पायरी आहे आणि मी तिला शेवटीच ठेवणार.

गोव्यापुरते एक कारण आपल्या प्रतिक्रियेत अजिबात नाही, म्हणून ते लिहितो. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या मुलखात चिखलणीनंतर ट्रॅक्टर दोन-तीन महिने मांगरात (शेतावरच्या गोठ्या-छपरात) उभा राहिला, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, आणि खाजन जमिनीच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या) खाऱ्या पाण्यात उतरलेल्या ट्रॅक्टरचे तर विचारूच नये. क्लच हाउसिंगच्या तळाशी पाणी निथळण्याचे छिद्र असते. चिखलाने ते बुजले की ओल आतच राहते. चिखलणीसाठी तिथे बूच बसवले असेल तर काम संपताच ते काढावे, आणि त्या छिद्रातून तेल गळत असेल तर सील तपासावे. दीर्घकाळ उभ्या ठेवायच्या ट्रॅक्टरचे पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवले, तर प्लेट चिकटत नाही. आमच्याकडे गेली 20 वर्षे हेच चालले आहे आणि या कारणासाठी ट्रॅक्टर एकदाही उघडावा लागलेला नाही.

आपला ट्रॅक्टर कोणत्या मॉडेलचा आहे, हे आपण लिहिलेले नाही. पाच सेकंदांची परीक्षा करून, पेडल दाबताना क्लच शाफ्टचा लिव्हर किती हलतो ते मोजून कळवावे. दोष पायलट बेअरिंगचाच निघाला तर मी तसे लेखाखाली आपल्या नावासह लिहीन. फक्त ते कळवताना माझ्या हातांचा उल्लेख नसावा, एवढी विनंती.