पेन्सिल सेलवर चालणारा ‘स्नायू’: फॉरवर्डमध्ये खरं किती?

कृत्रिम स्नायूंबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. कार्बन नॅनोट्यूबचे (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे) इलेक्ट्रोड लावलेला स्नायू दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे वीज जवळपास लागतच नाही; माणसाच्या स्नायूच्या शंभरपट वजन उचलतो; तेव्हा मोटरचे दिवस भरले, असा एकूण सूर.

दीड व्होल्टचं म्हणाल तर ते खरं आहे. हा स्नायू म्हणजे एक पातळ पट्टी: मधे आयन (विद्युतभारित कण) असलेलं पॉलिमर, दोन्ही अंगांना इलेक्ट्रोड. व्होल्टेज दिलं की आयन सरकतात, एक बाजू जास्त फुगते आणि पट्टी वाकते. आधीच्या, नाफिऑन नावाच्या पॉलिमरवर प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असलेल्या ओल्या पट्ट्या हवेत सुकून निकामी व्हायच्या. 2005 मध्ये फुकुशिमा, असाका, आयदा या जपानी संशोधकांनी व सहकाऱ्यांनी नॅनोट्यूब आणि आयनिक द्रवाची (सहज न सुकणाऱ्या द्रवरूप क्षाराची) जेल वापरून ही अडचण दूर केली. हे कौतुकाचंच काम आहे.

पण व्होल्टेज कमी म्हणून वीज कमी, हे कोणी सांगितलं? नॅनो रचनेनं इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो, त्यावर जास्त आयन मावतात, म्हणजेच धारिता (वीजभार साठवायची क्षमता, फॅरडमध्ये मोजतात) वाढते. 1 फॅरडची धारिता 1.5 व्होल्टपर्यंत थेट सेलवरून भरली, तर सेलमधून 2.25 ज्यूल जातात. त्यातले निम्मे साठतात, निम्मे रोधात तापून वाया. याउलट 1,500 व्होल्टवर चालणारा डायलेक्ट्रिक इलास्टोमर (रबरासारख्या पॉलिमरचा, दुसऱ्या प्रकारचा कृत्रिम स्नायू) 1 नॅनोफॅरडचा, म्हणजे फॅरडच्या अब्जाव्या भागाचा, असेल, तर तसाच भरायला 2.25 मिलिज्यूल पुरतात. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, दोघांची कामगिरी सारखी आहे असं नव्हे. पण नुसत्या व्होल्टेजवरून विजेचा खर्च कळत नाही, एवढं त्यातून दिसतं. कमी व्होल्टेजचा खरा फायदा वेगळाच: शरीराजवळ वापरायला धोका कमी, आणि व्होल्टेज चढवणारं सर्किट लागत नाही.

‘शंभरपट’ हा आकडा तर दुसऱ्याच घरचा. 2014 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याला पीळ देऊन स्नायू बनवले गेले. तेवढ्याच लांबीच्या आणि वजनाच्या मानवी स्नायूशी तुलना करून हा आकडा दिला गेला. पण ते स्नायू उष्णतेवर चालतात! दीड व्होल्टच्या पट्टीशी त्यांचा काय संबंध? या पट्ट्यांच्या टोकाचा जोर साधारण मिलिन्यूटनमध्ये मोजतात. 1 मिलिन्यूटन म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं वजन.

मग पट्टी जाड करून जोर वाढवा की! करता येतो, पण आयनांना तेवढं लांब जावं लागतं. विसरणाचा (आयन पसरत पुढे जाण्याचा) वेळ अंतराच्या वर्गानुसार वाढतो: जाडी दुप्पट, वेळ चौपट. इलेक्ट्रोडची छिद्रं अरुंद आणि वेडीवाकडी असली तर आणखी उशीर. शिवाय आयनिक द्रव दाट असतो, त्यामुळे न सुकण्याची किंमत वेगात मोजावी लागते. कॅथेटरचं (शरीरात घालायच्या बारीक नळीचं) टोक वळवायला किंवा स्पर्शाने वाचायच्या ब्रेल पडद्यावरचा ठिपका उचलायला हे सगळं चालून जाईल. मिक्सरचं भांडं फिरवायला नाही.