पट घटला म्हणजे शाळा नापास? त्या फॉरवर्डला उत्तर

आठ दिवस झाले, सगळ्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय. म्हणे तालुक्याच्या गावातल्या झेडपी शाळांत पाचवी ते सातवीचा पट घटलाय कारण तिथं शिकवतच नाहीत, प्रायव्हेटवाले कमी पैशात चांगलं शिकवतात, झेडपीत पोरांपेक्षा मास्तर जास्त, तर टाका बंद करून. मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत होतो म्हणून लिहितोय.

पट घटलाय, मान्य. पण मुळात पोरंच कमी जन्मतायत की, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस) महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी पोरं, 1.7 आलाय. त्यात बऱ्याच झेडपी शाळा चौथीलाच संपतात आणि शिक्षण संस्थेचं अनुदानित हायस्कूल पाचवीपासून सुरू होतं, आणि जिथं झेडपी सातवीपर्यंत आहे तिथंही मे महिन्यात संस्थेचे सर घरोघर फिरतात कारण पोरं कमी पडून तुकडी तुटली तर सरप्लस, म्हणजे जादा शिक्षक, तेच ठरणार. आमच्याकडं आले तेव्हा दप्तर फ्री, बसचं आम्ही बघतो म्हणाले. शिकवण्याबद्दल चकार शब्द नाही, मीही विचारलं नाही म्हणा.

आणि ही अनुदानित हायस्कुलं प्रायव्हेट कुठून झाली? पगार सरकारच देतं.

लोक फक्त दर्जा बघून शाळा बदलतात म्हणता, तर असर या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचे आकडे बघा. ग्रामीण भारतात सरकारी शाळेतली 6 ते 14 वयाची मुलं 2018 ला 65.6 टक्के, 2022 ला 72.9, 2024 ला परत 66.8. म्हणजे लॉकडाऊनमध्ये झेडपी अचानक भारी झाली आणि नंतर लगेच बिघडली? फी भरायला पैसे नव्हते हो लोकांकडं.

निकालाचं तर अजून गमतीचं. 2016-17 ला शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली. मग चार वर्षं झेडपीच्या बाईंनी घासून तयार केलेलं पोरगं पाचवीत संस्थेतून बसायचं आणि एसटी स्टँडवर फ्लेक्स लागायचा संस्थेचा.

मेसेजमधलं एक खरंय, सातवीतल्या पोरांना भागाकार येत नाही. मी 408 ला 4 नं भागायला सांगितलं, एकीनं 12 काढले, मधला शून्य गायब. तेच गणित शेजारच्या इंग्लिश मीडियमवाल्याला घातलं, तो म्हणाला ट्वेल्व.

राहिलं मास्तर जास्त असल्याचं. 15 मार्च 2024 चा संच मान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणारा, जीआर वाचा, सहावी ते आठवीत 20 पेक्षा कमी पोरं असतील तर मंजूर शिक्षक शून्य. आमचे गणिताचे सर त्याच्या आधीच बदलून गेले होते, दुसरे आलेच नाहीत, तास मराठीच्या बाई घ्यायच्या. त्या वर्षी सात जणांनी दाखले काढले, त्यातला एक माझ्या पोरीचा. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मी 'घरगुती' लिहिलं.